ओकारीवरचा पहारा

आमच्या घरात ओकारीचा मान माझ्या बायकोचा आहे. बस परसवाड्याच्या घाटरस्त्याला लागली न लागली की मंगला पिशवी उघडते. त्यामुळे पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं, तेव्हा तिला चाकूची भीती नव्हतीच; भीती होती ती नंतरच्या ओकारीची. मुलीच्या वेळी सिझर झालं, त्यानंतर दोन दिवस ओकून ओकून टाके असे ओढले गेले, की त्या आठवणीनं ती अजून पोट धरते.

"बाकी काही करू नका," ती स्ट्रेचरवरून म्हणाली, "फक्त मले ओकारी होऊ देऊ नका!"

मी हौ म्हणालो. (लग्नानंतर दुसरं काही म्हणाल्याचं आठवत नाही.)

ऑपरेशन नीट झालं. उलटी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनही दिलं होतं. मला बजावलं, "छह घंटे मुँह में कुछ नहीं. फिर घूँट-घूँट पानी. और कमरे में खाने की बू मत आने देना!" तीस वर्षं सरकारी नोकरीत लोकांना 'उद्या या' म्हणून परत पाठवलेला माणूस मी. हे काम माझ्यासाठीच होतं!

पण आमच्याकडे दवाखान्यात कोणी रिकाम्या हातानं येत नाही. आणि आणलेला डबा भरलेला परत नेणं म्हणजे घोर अपमान.

पहिली आली तिरोडीची मेव्हणी, पुष्पा. आल्या आल्या तिनं पलंगाशीच डबा उघडला. लाखोरीच्या डाळीचे गरम वडे! मंगलाचा चेहरा पिवळा पडला. हात उशाशी ठेवलेलं ओकारीचं तसराळं शोधू लागला.

"पुष्पा, बंद कर तो डबा!"

"काहून? बाई कालपासून उपाशी हाये!"

"डॉक्टरनं नाही म्हटलं."

"मंग तुमी खा. भरलेला डबा मी वापस नाही नेत, सांगून ठेवते!"

मी डबा घेऊन बाहेरच्या बाकावर गेलो आणि आठही वडे संपवले. खोलीतला वास गेला. मंगलानं माझ्याकडे इतक्या प्रेमानं पाहिलं, की मला लाजल्यासारखं झालं. मग मी पेटलोच.

शेजारच्या कमलकाकू सुक्या झिंग्यांची चटणी घेऊन आल्या. (त्या वासानं धडधाकट माणूसही गल्ली बदलतो!) मी दारातच डबा हिसकावला.

"अवो, थोडी ठेवा तिच्यासाठी! तोंडाले चव येते!"

"ठेवतो, ठेवतो," म्हणत मी भाकरीशिवायच ती संपवली.

मग मलाजखंडहून तिचा भाऊ आला. हातात तीन मजली डबा! मटणाचा रस्सा, भात, वर शिरा.

"वास येऊन राह्यला हो..." आतून क्षीण आवाज आला.

बायकोसाठी माणूस काय करत नाही? मी तिन्ही मजले चढलो.

संध्याकाळी नर्सनं मंगलाला घोटभर पाणी दिलं. पाणी पोटात राहिलं. आणखी दिलं, तेही राहिलं. "बहुत बढ़िया!" नर्स म्हणाली. "एक भी उल्टी नहीं हुई!"

अभिनंदन स्वीकारायला मी उभा राहिलो. तेवढंच चुकलं! मंगलाच्या उशाचं तसराळं मी झडप घालून उचललं आणि तोंडाशी धरलं. आधी मेव्हणा बाहेर आला, मग कमलकाकू, शेवटी पुष्पा.

नर्सनं मलाच इंजेक्शन टोचून, सलाइन लावून बाजूच्या पलंगावर आडवं केलं. मंगला आधी घाबरली, मग माझं तोंड पाहून हसू लागली. हसता हसता तिनं पोट धरलं.

"अवो, तिकडं तोंड करा ना! टाके दुखून राह्यले!"

मी तोंड फिरवलं. तिला माझी पाठ पाहून आणखी हसू आलं.

डॉक्टर धावत आले. "टाँकों पर ज़ोर क्यों पड़ रहा है? उल्टी हुई?"

"इनको नहीं," नर्सनं माझ्याकडे बोट दाखवलं, "उनको."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "उल्टी की दवा है मेरे पास," ते म्हणाले, "हँसी की नहीं."

आणि टाके वाचवण्यासाठी त्यांनी मला, सलाइनच्या बाटलीसकट, खोलीबाहेर काढलं.