बाहीतलं जास्तीचं कापड

धाकट्या, शिंपी असून कबूल केलेला वार पाळणारा माणूस, म्हणून परवा सगळे तुझे गोडवे गात होते. तुला शेवटचा निरोप द्यायला आलेल्यांपुढे मीही मान डोलावली. पण लहानपणी तू एक नंबरचा थापाड्या होतास, हे आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?

नव्या शाळेत तू बड्या घरच्या पोरांच्या टोळक्यात शिरलास आणि वडील जहाजावर कप्तान असल्याची लोणकढी ठोकून दिलीस. बाबा तर गल्लीतल्या दुकानात शिवणाचं मशीन चालवत. तुझा शाळेचा कोट तयार झाला तसे ते हौसेने तो घेऊन फाटकाशी आले. मी बरोबर होते. टोळक्याच्या म्होरक्याने विचारलं, हे कोण? तू म्हणालास, "आमचे शिंपी."

मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझं मनगट दाबलं. पुढे होऊन त्यांनी तुझ्या अंगावर कोट चढवला. बाह्या पार पंजावर आल्या. म्होरक्या फिदीफिदी हसला, झाप की याला, म्हणाला. आणि तू, दीडशहाण्या, खरंच झापलंस.

"माप घेता येत नाही का तुम्हाला?"

"चुकलंच, साहेब," बाबा म्हणाले. "बरोबर करून देतो."

पोर झपाट्याने वाढतंय म्हणून बाही त्यांनी मुद्दाम लांब ठेवली होती. संध्याकाळी दुकानात त्यांनी ते कापड आत दुमडलं नाही, कापलं. त्या दोन पट्ट्या कोटाच्याच खिशात घातल्या. पुढच्या वर्षी कोट तोकडा झाला.

शाळा संपली तसा तू मुकाट त्यांच्या शेजारी काजं करायला बसलास. माफी कधी मागितली नाहीस. पण पोरांचा कुठलाही कपडा असो, आत चार बोटं कापड सोडायचास. कोणी नको म्हटलं तर, दुसरीकडे शिवा म्हणायचास.

बाबा गेल्यावर कोट माझ्याकडे आला. तू म्हणालास, "ताई, पट्ट्या जोडायच्यात. रविवारी नेतो."

किती रविवार आलास! चहा प्यायलास, कपाटाकडे पाठ करून बसलास, रिकाम्या हाताने गेलास. गिऱ्हाइकांचे सगळे वार पाळलेस. कोट अजून कपाटातच आहे, पट्ट्या खिशात.