नऊ इंची भिंत

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की बिबवेवाडीतल्या एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या प्रस्तुत इसमाने गेल्या वर्षी आपले घर मोकळे करण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. मत एकच होते, ते माझे. सभेस उपस्थित असलेल्या दुसऱ्या सदस्य, म्हणजे माझी पत्नी, त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजत असल्याने मतदानात भाग घेऊ शकल्या नाहीत. त्यांचे मौन संमती म्हणून नोंदवण्यात आले.

आता सरळ सांगतो. आमच्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे एक भिंत होती. त्या भिंतीआड माझ्या बायकोने सव्वीस वर्षं काढली. हॉलमध्ये पाहुणे हसायचे, आणि काय झालं हो, असा तिचा आवाज विहिरीतून यावा तसा मागाहून यायचा. तोपर्यंत विनोद शिळा झालेला असायचा. मला ते नेहमी खटकायचं. पन्नाशी उलटल्यावर हातात थोडा वेळ आला तेव्हा मी ठरवलं, ही भिंत काढायची आणि घर नव्याने मांडायचं.

पण घाईघाईने नाही. लोक घरात तोडफोड काढतात आणि मग पस्तावतात, हे मी पाहिलेलं होतं. मी पाच महिने नुसती तयारी केली. दोनशे पानी वही घातली. हॉलच्या प्रत्येक कोपऱ्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ खुर्ची टाकून बसलो आणि ऊन कुठे कुठे येतं ते लिहून काढलं. बायकोला लाटणं घेऊन उभं केलं, तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं, ओटा त्या उंचीचा करायचं ठरवलं. फरशीचे नमुने आणून त्यांवर चहा सांडला, रात्रभर ठेवला, सकाळी पुसून बघितला. पांढऱ्या रंगाच्या अकरा छटा भिंतीवर लावल्या आणि त्यांपुढे उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला मत विचारलं. खिडकीच्या कड्यांना वहीत चार पानं मिळाली. शेजारपाजारचे लोक ती वही बघायला येत, आणि मीही ती पोथीसारखी दोन्ही हातांनी उघडत असे.

त्या वहीत भिंतीबद्दल एक ओळ होती. 'मधली भिंत काढणे.' बस. बाकी सगळ्यांना विचारलं होतं, अगदी फरशी पुसणाऱ्या मावशींनासुद्धा. ती भिंत तिथे उभी राहून काय करते, हे मात्र कोणालाही विचारलं नव्हतं.

बुधवारी गवंडी आला. साठीचा, हवेली तालुक्याकडचा, कमी बोलणारा माणूस. त्याने भिंतीवर बोटाच्या पेरांनी दोन ठिकाणी ठोकलं, दाराच्या चौकटीपाशी टेप लावली आणि आकडा पुन्हा एकदा वाचला.

"साहेब, नुसती पडदी असती तर साडेचार इंच भरली असती," तो म्हणाला. "ही नऊ हाय. ही वरचं कायतरी धरून हाय. इंजिनेराला दावलीय का?"

मी वही पुढे केली. इतकं सुंदर अक्षर, इतक्या रंगीत रेघा. त्याने पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं, आणि घर तुमचं हाय, असं म्हणून घण उचलला. त्या वाक्यात इशारा होता हे मला आज कळतं. त्या दिवशी मी ते मुकाट्याने दिलेली शाबासकी समजलो.

गुरुवारी दुपारपर्यंत ओट्याच्या बाजूची अर्धी भिंत कमरेइतकी खाली आली होती. मी धुळीत सोफ्यावर बसलो होतो. समोर पाहिलं तर बायको गॅसपाशी उभी दिसली. लग्नानंतर पहिल्यांदा मला सोफ्यावरून चहा होताना दिसत होता. तिने त्या भगदाडातून कप पुढे केला. मी तो घेतला. दोघंही हसलो. आणि तेव्हाच तो आवाज झाला.

आवाज मोठा नव्हता. कुणीतरी वरच्या खोलीत पापड मोडावा, एवढाच. पण तो छतात झाला होता. गिलाव्यावर केसाएवढी एक रेघ उमटली, आमच्या डोळ्यांदेखत हातभर लांबली आणि उरलेल्या भिंतीत खाली उतरली. गवंड्याने घण जमिनीवर ठेवला, टाकला नाही, अगदी हळू ठेवला. मग बायकोला म्हणाला, ताई, ग्यास बंद करा अन् हिकडं या. दोन लाकडी बल्ल्या आणून त्याने स्लॅबखाली उभ्या केल्या, पाचर ठोकली. ठोकताना त्याने छतावरची नजर काढली नाही. आयुष्य भिंती बांधण्यात आणि पाडण्यात गेलेला माणूस छताला असा भितो हे पाहिलं, आणि मी हातातला कप खाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा माणूस. माझ्या वहीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त वर पाहिलं, खूप वेळ. मग समजावून सांगितलं, की ही इमारत खांबांवर उभी नाही, भिंतींवर उभी आहे. वरच्या मजल्यावरची तशीच भिंत माझ्या या भिंतीवर बसली आहे, आणि आता ती अर्धी दोन बल्ल्यांवर आहे. लोखंडी टेकू आणि गर्डर सोमवारी सकाळी येतील. तोवर आम्ही पुढच्या खोल्यांत वावरायचं नाही, मागच्या खोलीत राहायचं.

मग त्यांनी पिशवीतून काचेची एक पट्टी काढली. बोटाएवढी रुंद, नखाहून पातळ. भिंतीतल्या भेगेवर ती आडवी ठेवली, दोन्ही टोकं प्लॅस्टरमध्ये घट्ट बसवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख टाकली. म्हणाले, "भेग वाढली तर ही काच तुटेल. तुटली तर मला फोन करायचा नाही. आधी बाहेर पडायचं, बाकीच्यांना बाहेर काढायचं, मग फोन." आणि जाता जाता विचारलं, वर कोण राहतं. त्यांना आजच सांगा, वर वजन नको, माणसं जमायला नकोत.

मी म्हणालो, हो हो, आत्ताच सांगतो.

वर राहतात त्यांना सगळी सोसायटी ताई म्हणते. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या बायकांचा एक संच आहे. श्रावणात त्यांना चांगली मागणी असते, आणि आषाढ लागला की त्यांच्या हॉलमध्ये तालीम सुरू होते. दोन वर्षांपूर्वी मी वर जाऊन या तालमीबद्दल तक्रार केली होती. साधी तक्रार नाही, भाषण केलं होतं. इमारत सगळ्यांची असते, ताई, आपल्या पायाखाली कुणाचं तरी डोकं असतं याचं भान हवं, असं मी हात पसरून म्हणालो होतो. तह झाला, की तालीम शनिवारीच आणि दुपारी चारनंतरच. पण ते वाक्य ताईंनी साऱ्या सोसायटीला ऐकवलं. जिन्यात कुणी भेटलं की मला विचारायचं, काय, डोकं ठीक आहे ना?

त्या बाईंना जाऊन मी सांगायचं होतं, की तुमच्या पायाखालची भिंत मी विनापरवानगी काढली.

मी वर गेलो. दाराला कुलूप होतं. ताई मुलीकडे हिंजवडीला गेल्या होत्या. मला इतकं हायसं वाटलं, की मी त्या कुलपाला मनोमन नमस्कार केला. बायको म्हणाली, फोन करा. मी म्हणालो, असलं काही फोनवर सांगत नाहीत, आणि आत्ता वर आहेच कोण. ती काही बोलली नाही. या वेळचं मौन संमतीचं नव्हतं, पण मी पुन्हा तसंच नोंदवलं.

त्यानंतरचा दीड दिवस आम्ही चोरासारखे राहिलो. मिक्सर बंद, गॅस बंद. खानावळीतून पोळीभाजी आणली. बोलायचं ते कुजबुजत. मला शिंक आली तर मी उशीत तोंड खुपसलं. खाली गाडीचं दार धाडकन लागलं की दोघंही छताकडे बघायचो. आणि दर अर्ध्या तासाने मी मागच्या खोलीचं दार उघडून, बल्ल्यांपासून लांब उभा राहून, ती काच बघायचो. तापलेल्या मुलाच्या तोंडातला थर्मामीटर बघावा तशी. शाबूत असायची. मी दार लावायचो, आणि लावल्याक्षणी वाटायचं, आत्ता गेली असेल.

पुढे सोमवारी गर्डर आला, बसला, रंगही लागला, आणि सोसायटीच्या सभेत माझं जे व्हायचं ते झालं. हे आता सांगता येतं. शनिवारी दुपारी यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

शनिवारी चारच्या सुमाराला जिन्यात चपलांचा आवाज आला. बराच आवाज. मी हॉलच्या कडेकडेने जाऊन बाहेरच्या दाराच्या फटीतून पाहिलं. कमरेला पदर खोचलेल्या बायका वर चढत होत्या, एकीच्या हातात सुपं, एकीच्या हातात करवंट्यांची पिशवी. सगळ्यांत शेवटी ताई, हिंजवडीहून थेट आलेल्या, खांद्याला प्रवासाची पिशवी.

मी दार लावून घेतलं. म्हटलं, आधी बसून गाणी म्हणतील. आधी चहा होईल. म्हटलं, आज पाऊस आहे, सगळ्या आल्या नसतील. भ्याला की माणूस किती चांगला वकील होतो.

वर टाळ्या सुरू झाल्या. मग पावलं. सुरुवातीला हलकी, मग एका तालात. आमच्या हॉलमधला पंखा बंद होता, तरी त्याची पाती हलायला लागली. मी मागच्या खोलीच्या दारातून काचेकडे पाहत होतो. छतातून चाळणीतून पीठ पडावं तशी बारीक माती पडत होती आणि काचेच्या वरच्या कडेवर साठत होती. काच तुटली नव्हती. पण बल्लीखालची पाचर, जी गवंड्याने ठोकून घट्ट बसवली होती, ती दर ठेक्याला किंचित हलत होती. ते मी पाहिलं.

"अहो," बायको मागून म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "चौदा जणी आहेत. मी मोजल्या."

मग तिने पायात चपला सरकवल्या आणि ती खालच्या मजल्यावरच्या लोकांना बाहेर काढायला निघाली.  मी वर जायचं, हे सांगायची गरजच नव्हती.

जिन्याच्या सोळा पायऱ्यांत मी तीन प्रास्ताविकं तयार केली. एक तांत्रिक, एक भावनिक, एक थोडी जबाबदारी गवंड्यावर ढकलणारं. दार उघडंच होतं. आत कलकलाट, घामेजलेले चेहरे, करवंट्यांचा ठेका. मला बघून ठेका थांबला आणि हसण्याची लाट उठली.

"या," ताई म्हणाल्या. "चार वाजून बारा मिनिटं झालीत. घड्याळ दाखवू का?"

मी म्हणालो, तक्रार नाही, जरा थांबता का. एक बाई म्हणाली, डोकं दुखतंय वाटतं खाली. दुसरीने बाम सुचवला. मी तांत्रिक प्रास्ताविक सुरू केलं, की इमारतीचं वय लक्षात घेता काही बाबी निदर्शनास आल्या आहेत. ताईंनी मुख्याध्यापिकेचा हात वर केला. म्हणाल्या, तुमचं निवेदन लेखी द्या, सोमवारी वाचते, आता एवढी एक फुगडी होऊ द्या.

आणि स्वयंपाकघराच्या भिंतीजवळच्या मोकळ्या जागेत दोघी उभ्या राहिल्या. चांगल्या भरल्या अंगाच्या. एका पायावर घालायची फुगडी होती ती. दोघींनी हातांची घट्ट अढी घातली, मागे झुकल्या, आणि एकेक पाय उचलला. त्यांच्या पायाखालची जागा मी ओळखली. तिच्या बरोबर खाली माझ्या दोन बल्ल्या होत्या.

माझी तिन्ही प्रास्ताविकं कुठेतरी गेली. 

"ताई, तुमच्या खालची भिंत नाहीये. मी काढली. हे सगळं दोन लाकडांवर उभं आहे."

कोणी हललं नाही. करवंट्या हवेत होत्या तिथेच राहिल्या.  ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकलेला हात हळूच काढून घेतला. मी म्हणत होतो, एकेकीने, कडेकडेने, जिन्याकडे चला, पळू नका. पण भिंतीजवळ त्या दोघी अजून तशाच होत्या, एकमेकींना धरून, मागे झुकलेल्या, एकेक पाय वर. त्यांतली थोरली माझ्याकडे बघत होती. घाम तिच्या हनुवटीवरून ओघळत होता आणि टेकलेला पाय लटलटायला लागला होता.

"अहो भाऊ," ती म्हणाली, "मग हा उचललेला पाय आता खाली ठेवू का नको?"