आमच्या नावानं बंद केलेला तलाव

दिवाळीच्या सुट्टीत तंबूत राहायला जायचं, हा हट्ट माझा. सासूबाई म्हणाल्या, "तंबूत झोपायला भाडं कशाला? आपल्या गच्चीवर झोपा की." पण सगळ्यात आधी पिशवी त्यांचीच भरली होती.

पडेगावहून सकाळीच निघालो: मी, माझा नवरा संजय, आमची रेवा आणि सासूबाई. दौलताबादच्या पुढं जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते, तेव्हा उशिरा निघू नका. खुलताबादला चहा घेतला, सीताफळं घेतली आणि डोंगराकडे वळलो. शेवटचा रस्ता कच्चा आहे, लहान गाडी सांभाळून न्या.

जागा खरंच सुंदर. पाझर तलावाच्या काठावर तंबू, पत्र्याची न्हाणीघरं, मोबाइलला रेंज नाही. चुलीवरचं पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. भाडं शहरातल्या साध्या लॉजएवढं, जेवण धरून. रेवा पाण्यात पाय सोडून बसली होती. मी खूश होते.

दुपारी फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. तारेच्या कुंपणाबाहेर एक बाई उभी होती, मागं चार-पाच म्हशी. आतून तिथला मॅनेजर हात हलवत होता.

"कितींदा सांगायचं मावशी? पाहुणे आहेत. त्यांना वास येतो, त्यांची तक्रार आहे."

"अन् म्या म्हशी कुठं नेऊ? त्या अंगाला निस्ता कडा हाय."

मी पुढं गेले. "कोणत्या पाहुण्यांची तक्रार? आम्हाला तर कुणी विचारलंच नाही."

"मॅडम, तुम्ही एन्जॉय करा. ही आमची जागा आहे."

"जागा तुमची असेल. तलावही तुमचा आहे का?"

त्यानं फाटकाची कडी लावून घेतली. शेजारच्या तंबूतले गृहस्थ खुर्चीतूनच म्हणाले, "सोडा हो ताई, दोन दिवस मजा करायला आलोय." माझं डोकंच फिरलं. तहानलेल्या जनावरांना हाकलून कसली मजा?

तोवर सासूबाई फाटकापाशी पोचल्या होत्या. त्यांनी कडी काढली. मॅनेजर आडवा आला, तशा त्या म्हणाल्या, "पोरा, पाणवठ्यावरून हाकलणं काय असतं ते माझ्या आईनं भोगलंय. माझ्यासमोर हे नाय चालायचं." आवाज चढवला नाही, पण हात कडीवरच ठेवला. संजय त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग पुण्याहून आलेल्या दोन मुली आल्या. मॅनेजर पुटपुटत बाजूला झाला आणि म्हशी धावतच पाण्यात शिरल्या.

आम्हाला वाटलं, जिंकलो. रेवानं तर टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला कुलूप होतं. आमची गाडी बाहेर काढण्यापुरतं ते उघडलं आणि लगेच पुन्हा लागलं. वाटेत ती बाई भेटली. तिचं नाव कौसाबाई. विहिरीवरून घागरी आणून म्हशींना पाजत होती. मी गाडीतून उतरले.

"काल तुमी व्हते म्हणून सोडलं," ती म्हणाली. "आता म्हनतो, पाहुन्यांपुढं तमाशा केला, परत दिसू नको. तुमी जाल बाई. आमाला इथंच ऱ्हायचंय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. गावानं तहसीलमध्ये अर्ज दिलाय का, विचारलं. व्हय, दिलाय, उत्तर नाय. "मी पण अर्ज दिला तर चालेल का?" मी विचारलं. तिनं थोडा विचार केला. "द्या. पन माझं एकटीचं नाव नका घालू. गावाचं घाला."

घरी आल्यावर तसंच केलं: आम्ही तिथं राहिलो होतो, आमची कसलीही तक्रार नव्हती, आमच्या नावानं गावाची वाट अडवू नका. निघताना शेजारच्या तंबूंतल्यांचे नंबर घेतले होते; पुण्याच्या मुलींनीही सह्या पाठवल्या. खुर्चीतल्या गृहस्थांनी फोन उचलला नाही.

परवा त्या तंबूंच्या मालकाचा फोन आला. अर्ज मागं घ्या, पुढच्या वेळी कुटुंबासह मोफत राहा, म्हणाला. फोन स्पीकरवर होता. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "येऊ की. कौसाबाई म्हशी घेऊन आत दिसली, की त्याच दिवशी येऊ. अन् भाडं देऊन येऊ."

पलीकडून फोन ठेवला गेला. अर्ज तसाच आहे.