अत्तरावर शिकलेल्या गोगलगाई

गोगलगाईला शिकवता येतं, यावर माझ्या बायकोच्या मामांइतका अढळ विश्वास ठेवणारा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. औरंगाबादच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि मग, पोरांपेक्षा बरं ऐकतात म्हणून, त्यांनी गोगलगाई शिकवायला घेतल्या. बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत ओल्या मातीवर हे विद्यार्थी राहत. 'विद्यार्थी'च म्हणायचं, विद्यार्थिनी नाही, कारण एकाच गोगलगाईत नर आणि मादी दोन्ही असतात, हे ते प्रत्येक पाहुण्याला चहाआधी सांगत. शिकवण्याची रीत साधी होती. आधी खसाच्या अत्तराचा फाया पेटीत धरायचा आणि लगेच काकडीची फोड द्यायची. असं पुष्कळदा झालं, की काकडी नसताना नुसत्या अत्तरानंही गोगलगाई तोंडाजवळची बारकी शिंगं वाकवून काकडी चाचपू लागत. "वास आणि जेवण यांची तिनं गाठ मारली बघा," मामा म्हणत, आणि त्यांचा चेहरा मुलगा बोर्डात आल्यासारखा होई.

या शिक्षणापायी घराला मात्र कडक शिस्त होती. धड्याच्या वेळी उदबत्ती बंद, फोडणी बंद. मामींनी एकदा मोगऱ्याचा गजरा माळला, तर धडा संपेपर्यंत त्यांना अंगणात बसावं लागलं. "माझ्यासाठी कधी एवढं अत्तर आणलं नाही," असं त्या म्हणत, पण काकडी त्याच चिरून देत. शहागंजातल्या अत्तरवाल्यानं एकदा मामांना विचारलं, "साब, शादी है क्या घर में?" मामांनी गोगलगाईंचं खरं ते सांगून टाकलं, "नहीं, घोंगों के वास्ते होना." त्यानं मुकाट्यानं स्वस्तातली कुपी पुढं केली. मामांना ते फार लागलं. त्यांनी भारीतलीच घेतली.

मग त्यांच्या मुलीला, सुमनला, पाहायला पाचोडची मंडळी आली. आधीची एक-दोन स्थळं मामांच्या व्याख्यानानंतर परत फिरली होती, आणि हा मुलगा तर सुमनच्या मनात भरला होता. मामींनी पेटीवर भरतकामाचा रुमाल टाकला आणि गप्प बसण्याची मामांकडून शपथ घेतली. पोह्यांपर्यंत ती टिकली. मुलाचे वडील मोसंबीचे बागाईतदार, भारदस्त माणूस. येताना कानात फाया घालून आलेले, आणि तो नेमका खसाचा. मामांच्या नाकपुड्या हलल्या तेव्हाच मी समजलो.

"जरा इकडं सरकता का?" मामा म्हणाले. "कान असा पेटीजवळ आणा."

त्यांनी रुमाल काढला. मामींनी डोळे मिटले. पाहुणे भिडेखातर वाकले, आणि गोगलगाई एकेक करून त्यांच्या कानाकडं माना लांबवून शिंगं वाकवू लागल्या.

पाहुणे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यांनीच माझी मोसंबीची रोपं खाल्ली."

सुमन चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"मोसंबी नको, असंही शिकवता येईल त्यांना," मामा म्हणाले. "मोसंबीच्या वासाबरोबर कडू काढा द्यायचा. मग तोंड लावत नाहीत."

"बागेत लई हायेत. एकेकीला बोलावून शिकवायचं व्हय?"

मामांनी खरोखरच विचार केला. "वर्ग मोठा होईल," ते म्हणाले.

पाहुणे इतके हसले, की कानातला फाया गळून पडला. निघताना म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण लग्नाआधी बागेत एकदा येऊन जावा, व्याही."

मामा तर गेलेच, आणि पुढंही दर पावसाळ्यात जात राहिले. बाग काही शिकली नाही. व्याही गोगलगाईंवर मीठ टाकत, तेव्हा मामा बांधावर पाठ करून बसत. जेवतही नसत. शेवटी व्याह्यांनी हार मानली. दोघं संध्याकाळी बादली घेऊन गोगलगाई वेचू लागले, मामा गोगलगाईंशी बोलत आणि व्याही शिव्या देत, आणि त्यांना ओढ्यापलीकडं नेऊन सोडू लागले.

मामा वारले त्या वर्षी पावसाळ्यात मी पाचोडला गेलो होतो. सुमनचे सासरे एकटेच ओढ्याकडून रिकामी बादली घेऊन येत होते.

"अजून वेचता?" मी विचारलं.

"मीठ टाकाया हात होत नाय. पल्याड सोडतो, चार दिसांत परत येत्यात."

त्यांनी बादली उपडी करून मला बसायला दिली, स्वतः बांधावर टेकले, आणि गोगलगाय कशी शिकते ते मला समजावून सांगू लागले. त्यात बरंच चुकत होतं. मी अंधार पडेपर्यंत ऐकत राहिलो.