पालखीच्या दिवशी घरी नसलेली मुलगी

निवृत्त झाल्यावर लोक हमखास विचारतात, साहेब, कुठलं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही? विचारणाऱ्याला खून हवा असतो. माझ्या डोक्यातून न गेलेल्या प्रकरणात हत्यार नव्हतं, रक्त नव्हतं आणि त्यातले बहुतेक जण पहिल्या वर्गात पास झालेले होते.

तेव्हा मी रत्नागिरीत सायबर गुन्ह्यांचा तपास पाहत होतो. शिमग्याचे दिवस. निम्मं मनुष्यबळ पालख्यांच्या बंदोबस्ताला गेलेलं, कारण आमच्याकडे देव शांत असतो, मानकरी नसतात. अशात एका दुपारी शहराजवळच्या गावातली एक विधवा बाई तक्रार द्यायला आली. साठी उलटलेली, एकटी राहणारी, एकुलता मुलगा बोटीवर नोकरीला. पुढे आम्ही सगळेच तिला काकी म्हणू लागलो, म्हणून इथेही काकीच म्हणतो.

तक्रार नेहमीची होती. बँकेतून बोलतेय म्हणून एका मुलीचा फोन आला. कार्ड बंद होणार म्हणाली, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला, काकींनी तो सांगितला. मुलानं पाठवलेलं सगळं गेलं. हवालदार खाते क्रमांक, व्यवहार क्रमांक टाइप करत होता आणि काकी मधेच भलतंच सांगत होत्या.

"पोरगी वायट नव्हती हो."

"काकी, तिनं तुमचं खातं धुऊन नेलं," हवालदार म्हणाला.

"ते हायच. पण बोलायला चांगली. मी म्हटलं, बाय माझे, लवकर आटप, दारात पालखी येत्येय, ओटी भरायची हाय. तर म्हणते, आमच्या वाडीत पण आजच येते पालखी. म्हटलं, मग तू घरी नाय ती? तर म्हणते, काय करू काकी, प्रॅक्टिकल आहे."

हवालदारानं हे टाइप केलं नाही. अर्जात त्याला रकाना नव्हता.

पुढचा तपास ठरल्याप्रमाणे भिंतीवर जाऊन आदळला. सिमकार्ड परराज्यातल्या एका वीटभट्टी मजुराच्या नावावर, पैसे चार-पाच खात्यांतून फिरून तिसऱ्याच टोकाला. अशा प्रकरणात आम्ही पत्रं पाठवतो, बँका पोच देतात आणि फाइल जाड होते. मला मात्र ती पालखी सोडेना. नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा कामापुरतं खोटं बोलतो, बिनकामाचं तो खरंच बोलतो. कार्ड बंद होणार, हे काम होतं. वाडीतली पालखी हे काम नव्हतं. आमच्या भागात वयस्क बाईनं घरचं विचारलं की मूल घरचंच उत्तर देतं. ते वळण कुठल्याही प्रशिक्षणानं जात नाही. शिवाय शिमग्यात कुठलं कॉलेज प्रॅक्टिकल घेतं?

त्या दिवशी कुठल्या वाड्यांत पालखी घरोघर फिरत होती, हे बंदोबस्तामुळे ठाण्याला ठाऊकच होतं. मी तिथल्या पोलीस पाटलांना एकेक करून फोन लावले आणि एवढंच विचारलं, यंदा शिमग्याला कोण आलं नाही? कोण आलं हे विचारलं असतं तर संध्याकाळ गेली असती.

आतल्या एका गावचे पाटील लगेच म्हणाले, "सगळी आली साहेब. ममईवाले आले, दुबईवाला आला. एक पोरगी तेवढी नाय आली, ती पण हितं रत्नागिरीत असून. आय रडत होती तिची. कसला कंपूटरचा कोर्स म्हणं. आता देवापेक्षा कंपूटर मोठा झाला, तर आपण काय बोलणार?"

मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिचा कोर्स शहरातल्या एका खासगी संस्थेत चालायचा. त्या संस्थेचा फलक मी येता-जाता पाहिलेला होता. 'शाळा ते सायबर: नववीपासून थेट नोकरीपर्यंत.' खाली जिन्याचं चित्र. पहिल्या पायरीवर दप्तर घेतलेला मुलगा, शेवटच्या पायरीवर टाय बांधलेला तोच मुलगा, मागे उगवता सूर्य. नववीत बिल्ला, बारावीत प्रमाणपत्र, कॉलेजात गेल्यावर 'प्रत्यक्ष अनुभव' आणि मग नोकरी. उद्घाटनाला अर्धा जिल्हा व्यासपीठावर होता, उरलेला अर्धा सत्कारासाठी रांगेत. शाळा मुलांच्या याद्या आनंदानं देत होत्या. दर्शनी खोलीत आमच्याच खात्यातल्या वरिष्ठांना पुष्पगुच्छ देतानाचा फोटो फ्रेम करून लावलेला. चोरानं कुलपाऐवजी हे फोटो वापरावेत, इतके ते टिकाऊ असतात.

महिला अंमलदारासमोर मी त्या मुलीला बोलावलं. सोबत तिची आई होती. मुलगी घाबरलेली नव्हती. गळ्यात प्रशिक्षणार्थी म्हणून ओळखपत्र होतं आणि पोलिसांनी बोलावलं याचा तिला थोडा अभिमानच वाटत होता. आपली निवड झाली असावी, असा तिचा समज.

"काम काय करतेस तिथे?"

"टेस्टिंग, सर. बँकेचे ग्राहक सावध आहेत की नाहीत, ते तपासतो. आम्ही फोन करतो. त्यांनी ओटीपी दिला तर ग्राहक नापास."

"आणि तू?"

"मी पास. दहा मार्क." मग म्हणाली, "बॅचमध्ये मी पहिली आहे."

आईनं मान वर केली. लेक पहिली आली, एवढंच तिला कळलं होतं.

मी विचारलं, "ओटीपी घेतल्यावर त्या माणसाला कोण सांगतं, की ही परीक्षा होती, घाबरू नका?"

"ते दुसरी टीम करते."

"पाहिलीस कधी ती टीम?"

ती ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळू लागली. हुशार माणसाचे हात असे चाळवतात तेव्हा आत हिशोब चाललेला असतो, हे चौकशीला बसणाऱ्याला कळतं. अशा वेळी आपण बोलायचं नसतं.

मग ती म्हणाली, "मला शंका आली होती सर. एक काकी होत्या. त्यांच्याकडे पालखी येत होती. मी नंतर आमच्या सरांना विचारलं, त्यांना कळवलं का? सर म्हणाले, शंका येणं हा सिक्युरिटीवाल्याचा पहिला गुण. मला पाच मार्क जास्त दिले."

तक्रारीची प्रत मी तिच्यापुढे सरकवली. तिनं ती दोनदा वाचली. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर पालथं ठेवलं. आई विचारत राहिली, "काय झालं गो? नापास केलीनी काय तुला?"

पुढचं सगळं त्या मुलीमुळे झालं. कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी, ओटीपी कुठल्या स्क्रीनवर टाइप करायचा आणि तो भिंतीपलीकडे कोण पाहतं, हे तिनं जबाबात बिनचूक सांगितलं. पंच घेऊन आम्ही 'प्रॅक्टिकल'च्या वेळीच छापा घातला. दार उघडलं. निळे टी-शर्ट घातलेली, कानाला हेडफोन लावलेली कोवळी मुलं उठून उभी राहिली आणि एका सुरात "गुड मॉर्निंग सर" म्हणाली. एवढ्या वर्षांत कुठल्या टोळीनं माझं असं स्वागत केलं नव्हतं. कोपऱ्यातला एक पोरगा फोनवर कोणाला तरी "एक मिनिट होल्ड करा काका" म्हणत होता. तो फोन मी हातात घेतला आणि काकांना सांगितलं, ठेवा.

संचालक चौकशीत राष्ट्रउभारणीवर बोलले. युवाशक्तीवर बोलले. भिंतीपलीकडच्या खोलीत मोबाइलची पेटी सापडल्याचं सांगितल्यावर वकिलाशिवाय बोलणार नाही म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं सरळ वाक्य.

खरी झटापट पुढे झाली, आमच्याच कार्यालयात. वार्ताहर परिषद ठरली होती आणि आरोपींचा आकडा भरघोस हवा होता.

"फोन त्या पोरांनीच केले ना?" आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले. "मग आरोपी. निरागस होती की नव्हती, ते कोर्ट बघेल."

"कोर्ट बघेपर्यंत ती तिशीत जातील, सर. एकदा नाव लागलं की चारित्र्य पडताळणीत लाल शेरा. सायबरमध्ये सोडा, शिपाई म्हणूनही कोणी घेणार नाही. फसवून चोरी करवून घेतलेल्या पोरांची जागा साक्षीदारांत आहे."

"तू लिहून देशील?"

"देतो."

लिहून दिलं. वार्ताहर परिषदेत आरोपी थोडे दिसले, म्हणून टेबलावर हेडफोन जास्त मांडले. मुलांचे जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर झाले. त्या मुलीचं नाव दोषारोपपत्रात साक्षीदारांत गेलं. तिची वाट मोकळी ठेवली, या समाधानात मी होतो.

ती मला अधूनमधून फोन करायची. तिला काकींची माफी मागायची होती. तपासात दोघींना भेटवणं योग्य नव्हतं, पण माझी परवानगी नसतानाही तिनं काकींना फोन लावून पाहिला होता.

"उचलत नाहीत, सर."

"त्या आता कोणाचाच उचलत नाहीत," मी म्हणालो.

ते खरं होतं. काकींना मी विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, "परका बोलून फसवता तर कळलं असतं मला. ती आपली होती. आता आपल्यासारखा आवाज आला की छातीत धडधड होते. वाजू दे मेला." बोटीवरून मुलाचा फोन आला तरी त्या घेत नसत. मन झालं की स्वतः लावत. मुलालाही त्याची सवय झाली. आई उचलत नाही म्हणजे आई ठीक आहे, असं तो समजू लागला.

पावसाळ्यानंतर काकी न्हाणीघरात घसरून पडल्या. मुलाचे फोन येत राहिले, वाजून बंद होत राहिले. आई उचलत नाही, यात त्याला नवीन काही वाटलं नाही. शेजारीण नवरात्रासाठी माहेरी गेलेली. ती परतल्यावर दार तोडलं. अकस्मात मृत्यूची नोंद स्थानिक ठाण्याकडे झाली, पण त्या आमच्या फिर्यादी, म्हणून मीही गेलो. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या गेलेल्या नाहीत. वेळेत कोणाला कळतं तर वाचल्या असत्या.

पंचनामा चालू असताना ओट्यावर चार्जरला लावलेला मोबाइल वाजला. पंच माझ्याकडे बघू लागले. शेवटचे आकडे ओळखीचे होते. मी उचलला.

"काकी?" पलीकडून घाईघाईनं आवाज आला, समोरच्यानं फोन ठेवण्याआधी सगळं सांगून टाकावं तसा. "काकी, ठेवू नका हां. मी ती, पालखीच्या दिवशीची."

मी माझं नाव सांगितलं. मग बाकीचंही सांगावं लागलं.

तिनं कॉलेज सोडलं नाही, कॉम्प्युटर सोडला. पुढे साधी पदवी घेतली, असं पाटलांकडून कळलं. शिमग्याला घरी असते.

या प्रकरणानं मला एवढं शिकवलं की वाट दाखवणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. पायऱ्यांची चित्रं काढणारे मुबलक आहेत. जिना कोणाच्या घरात उतरतो, ते मात्र चढणाऱ्या पोराला कोणी विचारू देत नाही. हे क्षेत्र चांगलं आहे, आमच्या मुलांना ते जमेल, आणि नववीपासून शिकवलं पाहिजे हेही खरं. पण दुसऱ्याचं कुलूप तपासायचं तर घरधन्याची लेखी परवानगी लागते, आणि तपासून झाल्यावर त्याला स्वतः जाऊन सांगावं लागतं, हे पहिल्या दिवशी शिकवावं. बिल्ला नंतर दिला तरी चालेल.

हल्ली शाळा मला सायबर करिअरच्या कार्यक्रमांना बोलावतात. शाल-श्रीफळ नको म्हणतो, हीच गोष्ट सांगतो. परवा एका शाळेत गोष्ट संपल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, मग त्या ताईला नोकरी लागली का?"

तिची पडताळणी मी स्वच्छ ठेवली होती. कुठेही लागली असती.

"तिनं अर्जच केला नाही," मी म्हणालो.