डोळे शेवटी

माझ्या वर्गात आलेल्या आईबापांना पहिल्यांदा धक्का बसायचा तो फळीवरच्या बाहुल्या बघून. अंगात झगा, डोक्यावर लोकरीचे केस, कानात मण्यांचे डूल, आणि चेहरा कोरा. एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्का, असं अपशकुनी दिसतंय हो, निदान दोन टिकल्या तरी चिकटवा." मी म्हटलं, टिकल्या चिकटवायला मी वर्ग काढलेला नाही. त्यांना राग आला असावा, पण पुढच्या रविवारी मुलीला घेऊन आल्याच.

आमच्याकडे डोळे शेवटी लावतात. हा माझा नियम, आणि तो मी माझ्या आईकडून उचलला. आमचं घराणं शिंप्यांचं. किती पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलो ते कुणाला धड सांगता येत नाही, पण चिकपेटच्या एकाच गल्लीत आजोबांचं दुकान, मग वडिलांचं, आणि नव्वद सालानंतर माझ्या भावाचं. कातरणं कधी टाकून द्यायची नाहीत ही घरची शिस्त. आई त्यांच्या बाहुल्या करायची आणि डोळे अगदी शेवटी लावायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "एकदा डोळे लावले की मग सुई टोचवत नाही गं तिला."

मी त्यात माझी एक अट घातली. बाहुली शिवून झाली की तिची गोष्ट सांगायची, सगळ्यांसमोर. मग ती कागदावर लिहायची, घडी करून बाहुलीच्या झग्याच्या खिशात ठेवायची. एवढं झालं की मी काळा दोरा ओवून देणार आणि ज्याची बाहुली त्यानं डोळे लावायचे. गोष्ट नाही तर डोळे नाहीत.

वर्ग भरायचा त्याच गल्लीतल्या आमच्या समाजाच्या सभागृहाच्या वरच्या खोलीत, रविवारी सकाळी. माझ्याआधी तिथे एक गुरुजी मुलांना मराठी शिकवायचे. 'माझा आवडता प्राणी' यावर दहा ओळी लिहा, म्हणायचे. मुलं बिचारी घरी आमचं मराठी बोलणारी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. कागद बघितला की त्यांची बोटं गारठायची. गुरुजी थकले, मुलं पांगली, आणि कमिटीतले लोक म्हणू लागले की त्या खोलीत कंप्युटरचा क्लास काढू, त्याला मागणी आहे. मी कातरणांचं गाठोडं घेऊन कमिटीपुढे जाऊन बसले आणि म्हटलं, मला एक वर्ष द्या. बडबड करून माणसांना नमवणं मला चांगलं जमतं. खोली मिळाली.

हात गुंतले की तोंड सुटतं, हे मला दुकानात वाढल्यामुळे माहीत होतं. आमच्याकडचे कारागीर मशीनवर बसले की घरातली सगळी भांडणं सांगून मोकळे व्हायचे. मुलांचंही तसंच झालं. धावदोरा घालता घालता एक म्हणायचा, माझ्या बाहुलीचा पाय लंगडा झालाय, कारण ती इथल्या लालबागेतल्या काचघरावरून पडली. दुसरी म्हणायची, माझी राणी आहे पण तिला स्वल्प कमी ऐकू येतं. मग सगळे टाके सोडून विचारायचे, "पुढं काय झालं?" हा आमच्या वर्गाचा घोषच होता. काही मुलांना देवनागरी येत नव्हती, त्यांनी आपलं मराठी कन्नड अक्षरांत लिहिलं. कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, अण्णा, आधी गोष्ट येऊ दे, अक्षरं मागनं येतील. आणि आलीच. वर्षाच्या आत खोली पुरेना झाली. कंप्युटरचा क्लास दुसरीकडे निघाला आणि तोही छान चालला.

त्या सुमाराला शहराच्या पार टोकाच्या येलहंक्याहून एक मुलगी येऊ लागली. नऊ-दहा वर्षांची असेल. वडील विमानदलात, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी बदली. आई मूळची पुण्याची, मुलीचं मराठी तुटू नये म्हणून रविवारी दोन बस बदलून तिला आणायची. पहिल्याच दिवशी कौतुकानं म्हणाली, "हिची काळजीच नाही. कुठेही टाका, ॲडजस्ट होते." मुलगी तेव्हा खाली बसून कातरणं रंगाप्रमाणे लावत होती. तिनं मान वर केली नाही.

काय हात होता तिचा! पहिल्याच बाहुलीला तिनं असे टाके घातले की माझ्या भावाला दाखवले तर तो म्हणाला, हिला दुकानात पाठव. झग्याला खिसा, खिशाला झाकण, झाकणाला खरं काज करून इवलंसं बटण. महिन्याभरात बाहुली तयार. चेहरा कोरा. आणि गोष्ट म्हटलं की मुलगी गप्प.

"मला नाही येत," म्हणायची.

न यायला काय झालं? ही मुलगी जोधपूरला राहिलेली, आसामात राहिलेली, नाशिकजवळ राहिलेली. आमच्या मुलांनी म्हैसूरपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं, तरी गोष्टींत ती पोरं लंका पेटवून येत होती. मी तिला म्हटलं, वाळवंटाचं सांग, उंटाचं सांग.

"ते तिथलं होतं," ती म्हणाली. "ते माझं नाही."

मुलं मदतीला धावली. आमच्यात एक मुलगी होती, बांगड्यांच्या दुकानाची, तिची जीभ माझ्याहूनही तिखट. ती म्हणाली, "सरी, असू दे, माझी गोष्ट घे की. माझ्याकडे दोन जास्ती आहेत. एकात हत्ती आहे." येलहंक्याच्या मुलीनं नम्रपणे नको म्हटलं. दसरा आला. इकडे दसऱ्यात घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, पोरं संध्याकाळी दारोदार जाऊन बाहुल्या बघतात आणि खाऊ घेऊन येतात. आम्हीही सभागृहात पायऱ्या मांडल्या, चाळीसेक बाहुल्या, सगळ्या डोळे उघडे टाकून बघत होत्या. एकच फळीवर राहिली. आलेल्या एका बाईंनी विचारलं, ती का नाही मांडली? मुलगी पटकन म्हणाली, "ती अजून झाली नाही." तिचा आवाज मला आवडला नाही. फार समजूतदार होता. नऊ वर्षांच्या पोरीला इतका समजूतदार आवाज कशाला हवा?

दिवाळीनंतर तिची आई एकटीच आली. बदलीची ऑर्डर आली होती. सामान बांधायला काढलं होतं, येणारा रविवार शेवटचा. मग स्वर खाली आणून म्हणाली, "अक्का, एक करा ना. डोळे तुम्हीच लावून द्या. नाहीतर ती बाहुली इथेच सोडून जाईल. तिचं असंच आहे. प्रत्येक ठिकाणी काहीतरी अर्धं टाकून येते. सायकल शिकत होती, पेडल मारायला लागली आणि बदली. नाच शिकत होती, तेच. आता तर काही सुरूच करत नाही."

मी नाही म्हटलं. मला त्या बाईंची दया येत होती, तरी नाही म्हटलं. घरी आल्यावर नवऱ्यानं माझी चांगलीच हजेरी घेतली. एका चिंधीपायी लहान पोरीशी हट्ट कसला करतेस, म्हणाला. मी त्याला जे सांगितलं ते आजही मला पटतं. डोळे लावायला मला एक मिनिट लागलं असतं. पण मी लावले असते तर त्या मुलीला कळलं असतं की हिनंही माझा नाद सोडला. तिची गोष्ट असणार, हे मला दिसत होतं. ती इतकी नीट शिवत होती, ती उगाच नव्हे. ज्याला काही सांगायचं नसतं तो खिशाला काज करत बसत नाही. प्रश्न एवढाच होता की ती इथे सांगणार, की तीही अर्धी टाकून पुढच्या गावाला जाणार. त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचलं नाही. भावाच्या दुकानात शिवताना दोन ब्लाउजांच्या बाह्यांची अदलाबदल करून ठेवली.

रविवारी ती वेळेवर आली. आई दारापाशी खुर्चीवर बसली. मुलीनं फळीवरून बाहुली काढली, मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मी लिहूनच आणलंय. वाचू?"

मी मुलांना कातऱ्या खाली ठेवायला लावल्या.

"एक मुलगी होती," तिनं वाचलं. "ती चिकपेटमध्ये एका दुकानाच्या वर राहायची. सकाळी उठून ती खिडकीत यायची. खाली काजं करणारे काका बसायचे. मग फूलवाली यायची. मुलगी शाळेत जायची. शाळेत तिची एक मैत्रीण होती. संध्याकाळी ती घरी यायची."

"पुढं काय झालं?" सगळे म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी ती उठली आणि खिडकीत आली. काका होते. फूलवाली होती. शाळेत मैत्रीण होती."

"पुढं?"

"मग ती पाचवीत गेली. तीच शाळा. तीच मैत्रीण. काका म्हणाले, उंच झालीस. मग ती सहावीत गेली."

मुलं चुळबुळ करू लागली. चोर येईना, हत्ती येईना. सातवी झाली, आठवी झाली, मैत्रीण तीच, काका जरा म्हातारे झाले. शेवटी बांगडीवाल्यांच्या मुलीला राहवलं नाही. "अक्का, ह्याच्यात काहीच होत नाही की. हे तर आमच्या घरचंच सांगतेय. आमच्याकडं रोज असंच असतंय."

खोलीत हशा पिकला. गोष्टीत काहीतरी घडलं पाहिजे, हे मीच त्यांना घोकवलं होतं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण वाचणाऱ्या मुलीनंच मला थांबवलं. हात वर करून, शाळेत करतात तसा.

"नाहीच होत काही," ती म्हणाली. "काही झालं की जावं लागतं. म्हणून हिच्या गोष्टीत मी काही होऊच दिलं नाही."

हसणं थांबलं. ती पोरं पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत राहिलेल्या घरांतली. रोज तीच खिडकी आणि तेच काका, हे कुणी मागावं असं काही असतं, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं. दाराशी तिच्या आईनं पदर तोंडाला लावला होता. बांगडीवाल्यांची मुलगी सरकून येलहंक्याच्या मुलीजवळ गेली आणि अगदी मनापासून म्हणाली, "मग नववीत?"

"नववीत पण तिथेच."

"दहावीत?"

"तिथेच."

मी काळा दोरा घेतला. सुईच्या नेढ्यात तो काही केल्या जाईना, कारण मला नीट दिसत नव्हतं, आणि मुलांनी माझे डोळे पाहिले तरी मला त्याची लाज वाटली नाही. एवढी चांगली गोष्ट माझ्या वर्गात आधी कुणी सांगितली नव्हती. शेवटी दोरा तिनंच ओवला. मान वाकवून, सावकाश, एक डोळा, मग दुसरा. गाठ मारली, दोरा दातानं तोडला. कागदाची घडी करून खिशात घातली, बटण लावलं.

खाली रिक्षा उभी होती. आईनं पिशवी उघडून पुढे धरली, बाहुली ठेवायला. मुलगी उठली ती पिशवीकडे न जाता खिडकीकडे गेली. कठड्यावरची कातरणं बाजूला सारून तिनं बाहुलीला तिथे टेकवून बसवलं, तोंड खालच्या गल्लीकडे करून.

"अगं, घे ना," मी म्हटलं. "झाली की आता पुरी. तुझी आहे ती."

"पण ही इथेच राहते," ती म्हणाली. "मी कशी नेऊ?"