नवे लायनर

आमच्या शेजाऱ्यांच्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक सोफा घेतल्यापासून निघालं नव्हतं. टीव्हीला झालरीचा पडदा होता आणि तो फक्त बातम्यांपुरता वर जाई. "वस्तू जपली की टिकते, बघा," असं ते म्हणत. प्रत्येक वाक्याला 'बघा' लावत आणि समोरच्याला काहीच बघू देत नसत. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते.

त्यांची सेकंडहँड फियाट मात्र हॉर्नवर थांबे. ब्रेकचे लायनर कधीच झिजून गेले होते. लांबूनच गिअर उतरवायचा, हॉर्न धरून ठेवायचा आणि बाकीचं लोकांच्या चपळाईवर सोडायचं. एकदा फाटकाजवळ गाडी केळीवाल्याच्या हातगाडीला जाऊन टेकली, तेव्हा वहिनी मागच्या सीटवरून उतरल्या आणि चालत घरी गेल्या.

शेवटी घरातल्या सगळ्यांचे दिवाळीचे कपडे रद्द करून त्यांनी उल्हासनगरला नवे लायनर बसवून घेतले. "ओरिजिनल ही डालना," असं मेकॅनिकला सांगताना त्यांनी पाकिटाचा खिसा घट्ट धरून ठेवला होता.

मीही सोबत गेलो होतो; येताना त्यांच्या शेजारी निवांत बसलो. उतारावर अचानक एक रिक्षा आडवी आली. त्यांनी हॉर्न धरला, गिअर उतरवला आणि गाडी सरळ रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातली.

"अहो, नवीन ब्रेक टाकलेत ना!" मी ओरडलो.

"नवीन आहेत म्हणूनच, बघा," ते शांतपणे म्हणाले. "पहिल्याच दिवशी कशाला झिजवायचे?"